शंभर म्हणजे किती? मुंबईच्या गिरणी कामगाराची टोपली आणि महागाईचा निर्देशांक

१.
जुन्या दुकानाचे पिवळे पडलेले बिल, शंभर वर्षांपूर्वीची सोन्याची पावती, आजोबांच्या पहिल्या पगाराचा आकडा. समाजमाध्यमांवर अशी चित्रे फिरतात आणि त्यांखाली एकच उद्गार उमटतो : काय ती स्वस्ताई! पण १९१४ सालचा एक रुपया आजच्या किती रुपयांबरोबर होतो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर देणाऱ्या साधनाला ग्राहक किंमत निर्देशांक म्हणतात. हे साधन अर्थशास्त्राच्या वर्गातून निघाले असले तरी मुंबईत त्याला अर्थ आला तो गिरणगावात. त्याच्या एकेका अंशावर लाखो कुटुंबांची चूल अवलंबून होती.

२.
प्रथम पार्श्वभूमी. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत धान्य, कापड आणि रॉकेल यांच्या किमती चढत गेल्या. १९१८ साली पाऊस दगावला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली. गिरणीमालकांचा नफा मात्र युद्धकाळात भरभरून वाढला होता. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईतील लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९२० मध्ये, पुन्हा मोठा संप झाला. दोन्ही वेळी मागणी एकच होती : महागाई वाढली आहे, मजुरी वाढवा.

३.
महागाई वाढली हे सर्वांनाच मान्य होते. वाद होता तो ‘किती वाढली’ याचा. कामगार वाण्याच्या दुकानातला अनुभव सांगे, मालक आपले हिशेब पुढे करी, आणि सरकारपाशी दोघांनाही मान्य होईल असे मोजमाप नव्हते. या अडचणीतून १९२१ साली मुंबई सरकारने ‘लेबर ऑफिस’ ही कचेरी स्थापन केली. तिचे पहिले संचालक जी. फिंडले शिरास हे संख्याशास्त्रज्ञ होते. त्याच वर्षापासून ‘लेबर गॅझेट’ हे मासिक निघू लागले आणि त्यात मुंबईच्या कामगारवर्गाचा राहणीखर्चाचा निर्देशांक दरमहा छापला जाऊ लागला.

४.
हा निर्देशांक कसा काढत? युद्धापूर्वीचा शेवटचा महिना, म्हणजे जुलै १९१४, हा पाया धरला गेला. त्या महिन्यात ठरावीक वस्तूंच्या ठरावीक प्रमाणांना जेवढा खर्च येई, त्याला १०० मानले. पुढे दर महिन्याला त्याच वस्तू, त्याच प्रमाणात घ्यायच्या झाल्यास किती खर्च येईल हे पाहायचे. तो दीडपट आला तर निर्देशांक १५०. थोडक्यात, टोपली तीच ठेवायची आणि फक्त तिची किंमत बदलू द्यायची. जर्मन अर्थशास्त्रज्ञ एतिएन लास्पेयर यांनी १८७१ साली मांडलेली पद्धत याच तत्त्वावर उभी आहे.

५.
टोपलीतल्या प्रत्येक वस्तूला सारखे महत्त्व देऊन चालत नाही, त्यासाठी ‘भार’ ठरवावा लागतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कामगाराच्या शंभर रुपयांपैकी ६० धान्यावर, २० कापडावर आणि २० भाड्यावर जातात. एका सुस्थित कारकुनाचे ३० धान्यावर, ३० कापडावर आणि ४० भाड्यावर जातात. धान्य दुप्पट झाले, कापड दीडपट झाले, भाडे तेवढेच राहिले. तर कामगाराची टोपली १२० + ३० + २०, म्हणजे १७० रुपयांची होते. कारकुनाची ६० + ४५ + ४०, म्हणजे १४५ रुपयांची.

६.
बाजार एक, दुकान एक, भाव एक. तरीही महागाई दोन निरनिराळ्या. म्हणून ‘महागाई किती वाढली’ या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो : कोणासाठी? टोपली कोणाची हे सांगितल्याशिवाय निर्देशांकाचा आकडा अपुरा राहतो. मुंबईतील पुढचा सारा झगडा या एका मुद्द्याभोवती फिरला.

७.
१९२१ सालच्या टोपलीत काय होते? तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, डाळी, साखर, मीठ, दूध, तूप, बटाटे, कांदे यांसारखे इतर खाद्यपदार्थ, रॉकेल, सरपण, धोतरजोडी आणि शर्टाचे कापड, आणि खोलीचे भाडे. यादी वाचताना ती पुरेशी वाटते. पण तिच्यात दोन मोठ्या उणिवा होत्या. पहिली म्हणजे वस्तूंचे भार मुंबईच्या कामगाराच्या घरखर्चावरून ठरवलेले नव्हते. ते अखिल भारतातील एकूण वापराच्या अंदाजावरून घेतले होते. म्हणजे टोपलीवर नाव मुंबईच्या कामगाराचे होते आणि आतले प्रमाण साऱ्या देशाच्या सरासरीचे होते.

८.
दुसरी उणीव ध्यानात आली ती कामगारांची घरे तपासल्यावर. १९२१-२२ मध्ये लेबर ऑफिसने मुंबईतील २,४७३ कामगार कुटुंबांचे आणि ६०३ एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे जमाखर्च गोळा केले. त्यांचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. कामगारांच्या घरखर्चाची या शहरातली ही पहिली मोठी पाहणी होती. कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न ५२ रुपये ४ आणे ६ पै निघाले. खर्चाची विभागणी अशी : अन्न ५६.८ टक्के, सरपण व दिवाबत्ती ७.४, कपडे ९.६, घरभाडे ७.७ आणि ‘इतर’ १८.५ टक्के.

९.
हे ‘इतर’ म्हणजे पान-विडी, न्हाव्याचे पैसे, प्रवास, औषधपाणी, कर्जाचे व्याज असा किरकोळ वाटणारा पण चुकवता न येणारा खर्च. १९२१ पासून छापल्या जाणाऱ्या निर्देशांकात त्याला स्थानच नव्हते. कामगाराच्या दर शंभर रुपयांपैकी सुमारे साडेअठरा रुपयांचे काय झाले, याविषयी तो आकडा मुका होता. याच पाहणीत ४७ टक्के कुटुंबे कर्जात असल्याचे आढळले. म्हणजे व्याज हा अपवाद नव्हता, जवळजवळ निम्म्या घरांचा तो ठरलेला खर्च होता.

१०.
अहवालातील आणखी दोन निष्कर्ष पुढे दीर्घकाळ उद्धृत होत राहिले. कामगारवर्गापैकी ९७ टक्के लोक एकाच खोलीत राहत होते. आणि कामगाराच्या वाट्याला येणारे धान्य दुष्काळी नियमावलीत सांगितलेल्या कमाल प्रमाणाइतके असले, तरी मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्यासाठी ठरवलेल्या आहारापेक्षा कमी होते. सरकारी कचेरीनेच केलेली ही नोंद असल्याने ती झटकून टाकणे कोणालाही सोपे नव्हते.

११.
आता आकड्यांचा प्रवास पाहू. जुलै १९१४ चे १०० धरले, तर ऑक्टोबर १९२० मध्ये निर्देशांक १९३ वर पोहोचला. तो त्या काळातला उच्चांक. त्यानंतर तो उतरत गेला आणि १९२०-३० या दशकाच्या मध्यावर १५५ च्या आसपास स्थिरावला. मजुरीकडे पाहिले तर युद्धपूर्व दरांवर महागाई भत्ता मिळत होता : रोजंदारीच्या पुरुष कामगारांना ७० टक्के आणि उक्त्या कामाच्या कामगारांना ८० टक्के.

१२.
हे दोन आकडे शेजारी ठेवताच एक युक्तिवाद आपोआप तयार होतो. राहणीखर्च ५५ टक्क्यांनी वाढला, मजुरी ७० ते ८० टक्क्यांनी. मग मजुरी कमी करण्यास काय हरकत? १९२५ साली जपानी कापडाची स्पर्धा आणि मंदी यांनी घेरलेल्या मुंबईच्या गिरणीमालकांनी साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. हा साडेअकराचा आकडा आला कोठून? भत्त्यातले २० अंश काढले, तर १७० मधून २० जाणे म्हणजे ११.८ टक्के आणि १८० मधून २० जाणे म्हणजे ११.१ टक्के. त्यांच्या मधला हा आकडा.

१३.
युक्तिवादातील खाच पायाभूत वर्षात होती. निर्देशांक फक्त एवढेच सांगत होता, की १९१४ साली कामगार जसा जगत होता तसेच पुन्हा जगायला आता किती रुपये लागतील. १९१४ साली तो पोटभर जेवत होता काय, हा प्रश्न निर्देशांकाच्या कक्षेबाहेरचा होता. राहणीमानातील बदल यात धरलेला नाही, असे लेबर गॅझेट स्वतःच नमूद करीत असे. तरीही शंभर हा आकडा एकदा छापला गेला की तो ‘योग्य’ स्थितीचा आकडा वाटू लागतो. ज्याचा आहार कैद्याच्या आहारापेक्षा उणा होता, त्याच्या दारिद्र्यालाच मोजपट्टीवरची शून्यरेषा करण्यासारखे ते होते.

१४.
सप्टेंबर १९२५ मध्ये सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. तिढा सुटला तो अनपेक्षित बाजूने. हिंदुस्थानातील गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर होता आणि तो रद्द व्हावा ही मालकांची जुनी मागणी होती. सरकारने कर स्थगित केला, मालकांनी कपात मागे घेतली आणि डिसेंबरच्या सुरुवातीस संप मिटला. निर्देशांक आपल्या जागी राहिला. पण मजुरीच्या वादात त्याचा हत्यारासारखा उपयोग होतो, हे दोन्ही बाजूंना कळून चुकले.

१५.
१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत धान्याचे भाव कोसळले आणि १९३३-३४ च्या सुमारास मुंबईचा निर्देशांक पुन्हा शंभराच्या जवळ आला. वीस वर्षांत वर चढून तो मूळ जागी परतला होता. स्वस्ताई आली म्हणून कामगार सुखी झाला असे मात्र घडले नाही. त्याच काळात गिरण्यांनी महागाई भत्त्यात कपात केली, अनेकांचे काम गेले आणि एप्रिल १९३४ मध्ये पुन्हा सार्वत्रिक संप झाला. ज्याच्या हाती मजुरीच उरली नाही, त्याला स्वस्त ज्वारीचा उपयोग नसतो. इतिहासात किमतीचा आकडा मिळाला की शेजारी मजुरीचा आकडा शोधावा, तो यासाठी.

१६.
दरम्यान, टोपली दुरुस्त करण्याचे काम सुरू झाले होते. १९३२-३३ मध्ये मुंबईत कुटुंबखर्चाची नवी पाहणी झाली. तीत अन्नाचा वाटा ४७ टक्क्यांच्या आसपास निघाला आणि घरभाड्याचा १३ टक्क्यांच्या आसपास. या पाहणीवरून जुलै १९३३ ते जून १९३४ हे वर्ष पाया धरून नवा निर्देशांक तयार करण्यात आला. या वेळी भार मुंबईच्याच कामगारांच्या खर्चावरून घेतले आणि पूर्वी वगळलेल्या ‘इतर’ खर्चालाही जागा मिळाली. टोपलीवरचे नाव आणि टोपलीतला माल यांचा मेळ प्रथमच बसला.

१७.
दुसऱ्या महायुद्धाने हा निर्देशांक थेट पगारपत्रकात आणून बसवला. युद्धापूर्वी तो १०५ होता. स्वातंत्र्याच्या सुमारास, १९४७-४८ मध्ये, औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगाराचे किमान मूळ वेतन २६ दिवसांच्या महिन्याला ३० रुपये ठरवले आणि महागाई भत्त्याचे सूत्रही घालून दिले : निर्देशांक १०५ च्या वर जितके अंश जाईल, त्या प्रत्येक अंशामागे दिवसाला १.९ पै.

१८.
हे सूत्र कागद-पेन्सिल घेऊन तपासण्याजोगे आहे. रुपयात १९२ पै असतात. १.९ पै गुणिले २६ दिवस म्हणजे ४९.४ पै, म्हणजे सुमारे २५.७ पैसे. आता उलट बाजूने पाहू. १०५ अंशांवर ३० रुपये पुरत असतील, तर प्रत्येक अंशाची पूर्ण भरपाई ३० भागिले १०५, म्हणजे सुमारे २८.६ पैसे हवी. २५.७ हे २८.६ चे ९० टक्के. म्हणजेच सर्वांत कमी वेतनाच्या कामगाराला महागाईची ९० टक्के भरपाई द्यायची, हे धोरण त्या १.९ पैमध्ये बांधलेले होते. उरलेले दहा टक्के कामगाराने सोसायचे.

१९.
मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा दोन लाखांहून अधिक कामगार होते. निर्देशांक एक अंशाने हलला की गिरण्यांच्या मासिक पगारखर्चात निदान पन्नास हजार रुपयांचा फरक पडे. भाव टिपणाऱ्या कर्मचाऱ्याने कोणत्या दुकानातून, कोणत्या प्रतीचा तांदूळ नोंदवला, यावर हा अंश ठरे. टोपलीतले धोतर बाजारातून नाहीसे झाले तर त्याच्या जागी कोणते घ्यायचे? खोलीभाडे कोणते धरायचे? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या खोल्यांचे भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवले होते. पण नव्याने शहरात आलेल्याला त्या भाड्यात खोली मिळत नसे, पागडी मोजावी लागे. कागदावरचे भाडे आणि माणसाच्या खिशातून जाणारे भाडे यांत अंतर पडले की निर्देशांकही खऱ्या खर्चापासून दूर सरकतो.

२०.
१९६० च्या दशकाच्या आरंभी हे अंतर असह्य झाले. टोपली तीस वर्षे जुनी झाली होती. केंद्र सरकारच्या श्रम कार्यालयाने १९५८-५९ च्या पाहणीवरून देशातील ५० औद्योगिक केंद्रांसाठी १९६० हा पाया धरून नवी मालिका आणली. आता प्रश्न आला जोडणीचा. भत्त्याची सारी सूत्रे जुन्या, १९३३-३४ च्या मालिकेत लिहिलेली होती. नव्या मालिकेचा अंश जुन्या मालिकेत उतरवायचा तर एका गुणकाने गुणावे लागे. त्याला जोडगुणक म्हणू. जुना निर्देशांक भाववाढ कमी दाखवतो, हा कामगार संघटनांचा आक्षेप होता. आणि जुनी मालिका चुकली असेल, तर तिच्यावरून काढलेला जोडगुणकही चुकणारच होता.

२१.
आंदोलनाने जोर धरला तेव्हा १९६३ साली महाराष्ट्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक डी. टी. लकडावाला, जे पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. समितीने जुन्या निर्देशांकातील त्रुटी मान्य करून दुरुस्ती सुचवली आणि मुंबईसाठी जोडगुणक ४.४४ ठरला. म्हणजे नव्या मालिकेतील १०० हे जुन्या मालिकेतील ४४४ च्या बरोबर.

२२.
या दशांशाचे मोल किती? गुणकात ०.१ चा फरक पडला तर जुन्या मालिकेत १० अंशांचा फरक पडतो. वरच्या सूत्राने कामगारामागे महिन्याला सुमारे २ रुपये ५७ पैसे. दोन लाख कामगारांसाठी महिन्याला पाच लाखांहून अधिक आणि वर्षाला साठ लाखांहून अधिक रुपये. ज्यांना दशांश अपूर्णांक शाळेत शिकायला मिळाला नव्हता, असे कामगार दशांशासाठी रस्त्यावर का उतरले, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

२३.
आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९१४ सालचा एक रुपया आज किती? १९६० ची अखिल भारतीय मालिका पुढे १९८२, २००१ आणि २०१६ या पायांवर बदलत गेली. तिचे जोडगुणक अनुक्रमे ४.९३, ४.६३ आणि २.८८ आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये औद्योगिक कामगारांचा निर्देशांक, २०१६ बरोबर १०० या पायावर, १४३.७ होता. त्याला तिन्ही गुणकांनी गुणले की १९६० च्या पायावर सुमारे ९,४४७ येतो. म्हणजे १९६० ते २०२४ सुमारे साडेचौऱ्याण्णव पट. त्याला मुंबईच्या ४.४४ ने गुणले की १९३३-३४ पासून सुमारे ४२० पट. आणि १९३३-३४ ची पातळी जवळजवळ जुलै १९१४ इतकीच होती.

२४.
तेव्हा १९१४ चा एक रुपया म्हणजे २०२४ चे सुमारे ४२० रुपये. या साखळीत एक कडी मुंबईची व बाकीच्या अखिल भारतीय आहेत, हे विसरता कामा नये. याच हिशेबाने १९२१-२२ च्या कामगार कुटुंबाचे ५२ रुपये पाहू. तेव्हा निर्देशांक १७० च्या आसपास होता. ५२ ला १.७ ने भागून ४२० ने गुणले की सुमारे तेरा हजार रुपये महिना येतात. हा आकडा ओळखीचा वाटतो, त्यावरून त्या कुटुंबाचे चित्रही डोळ्यांसमोर येते.

२५.
त्याच हिशेबाने त्याचे घरभाडे काढले की चित्र विस्कटते. खर्चाच्या ७.७ टक्के म्हणजे सुमारे चार रुपये भाडे. आजच्या रुपयांत सुमारे एक हजार. परळ किंवा लालबाग येथे हजार रुपयांत खोली कोण देईल? पटीची सरासरी ४२० असली तरी एकेका वस्तूची पट फार निराळी असते. १९१४ साली पोस्टकार्ड पाव आण्याला, म्हणजे रुपयाला चौसष्ट मिळे; आज ते ५० पैशांना आहे. वाढ फक्त ३२ पट. उलट त्या काळी १५ रुपयांना एक सोन्याचे सॉव्हरिन असे आणि त्यात ७.३२ ग्रॅम शुद्ध सोने असे; म्हणजे दहा ग्रॅमला साधारण साडेवीस रुपये. २०२४ अखेर दहा ग्रॅम सोन्याचा भाव पंचाहत्तर हजारांच्या वर होता. वाढ साडेतीन हजार पटींहून अधिक.

२६.
पोस्टकार्डाने ३२, टोपलीने ४२०, सोन्याने साडेतीन हजारांवर. तिन्ही आकडे खरे आहेत. ते तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. सोन्याच्या जुन्या पावतीखाली ‘रुपया किती घसरला’ असे लिहिणारा माणूस सोन्याविषयी बोलत असतो, रुपयाविषयी नव्हे. गिरणी कामगाराची टोपली ज्वारी, डाळ, रॉकेल आणि धोतर यांची होती. त्याच्या जगण्याची तुलना करायची तर त्याच टोपलीने केली पाहिजे.

२७.
आणि टोपलीही काळाबरोबर पालटते. अखिल भारतीय औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकात अन्नाचा भार १९६० च्या मालिकेत सुमारे ६१ टक्के होता. १९८२ मध्ये ५७, २००१ मध्ये ४६ आणि २०१६ मध्ये ३९ टक्के. सरपणाची जागा गॅसने घेतली. मोबाईलच्या खर्चाला १९१४ मध्ये जोडच नाही. पाया जितका दूर, तितकी टोपली अनोळखी आणि उत्तर तितके ढोबळ. पाच-दहा वर्षांच्या तुलनेत निर्देशांक नेमका असतो. शंभर वर्षांच्या तुलनेत तो केवळ दिशा दाखवतो.

२८.
मग निर्देशांकाच्याही पलीकडच्या काळाचे काय? शिवराई होन आजचे किती रुपये, हा प्रश्न इतिहासप्रेमींत नेहमी विचारला जातो. होनाचे वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. सोन्याच्या आजच्या भावाने त्याचे वीस हजारांहून अधिक रुपये होतात आणि ते उत्तर झपाट्याने पसरते. पण १९१४ ते २०२४ या एकाच टप्प्यात सोन्याची पट टोपलीच्या पटीच्या आठ-नऊ पट निघाली. मग साडेतीनशे वर्षांसाठी केवळ सोन्याच्या भावावर विसंबणे कितपत रास्त? अशा काळासाठी अभ्यासक दुसरी वाट धरतात. अकबराच्या काळच्या ‘ऐन-इ-अकबरी’त धान्याचे भाव आणि मजुरीचे दर दोन्ही नोंदलेले आहेत. त्यांच्या आधारे अशोक देसाई यांनी १९७२ साली, त्या काळच्या मजुरीत किती धान्य येई, या अंगाने राहणीमानाची तुलना मांडली. होनाविषयीही तोच प्रश्न उपयोगी पडतो : एका होनात किती धान्य येई आणि ते मिळवायला शिपायाला किती दिवस चाकरी करावी लागे?

२९.
जुनी किंमत समोर आली की तीन गोष्टी तपासाव्यात. ती वस्तू कोणाच्या टोपलीतली होती? त्या माणसाची मजुरी किती होती? आणि तुलनेचा पाया धरलेले वर्ष सुकाळाचे होते, दुष्काळाचे की युद्धाचे? चार रुपये भाड्याची खोली स्वस्त होती, असे म्हणण्यापूर्वी तिच्यात किती माणसे राहत होती, हेही विचारावे. १९२३ च्या अहवालाने ते विचारले होते, म्हणून आज शंभर वर्षांनीही त्या आकड्यांमागची माणसे दिसतात.